बुडबुड्याची ताकद

या पोट्टेहो, जवळ बसा. झड लागली आहे, आज आपल्या शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्यांत कोणी पाऊल टाकणार नाही. हा तुकडा हातात घ्या. मोटरपंपाचं फुटलेलं ओतीव झाकण. धातू आपल्या जर्मनच्या गंजाचाच, म्हणजे अॅल्युमिनियम. फुटलेली कड उजेडात धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली?

"आबाजी, हे भोकं काहून पडले?"

पाण्यापायी, बाबू. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तापलेला रस हवेतल्या वाफेतून ऑक्सिजन ओढून घेतो आणि सुटा झालेला हायड्रोजन पोटात जिरवतो. ओलसर दिवसांत तर हे जास्तच. पण रस थिजला की त्यात हायड्रोजन मावतो जेमतेम विसावा हिस्सा. उरलेला वायू जिथे अडकतो तिथे भोक राहतं, आणि झाकण अशाच जागी दगा देतं.

मग हा वायू काढायचा कसा? एक रीत म्हणजे रसात आर्गॉन सोडायचा. दुसरी रीत आवाजाची. माणसाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा वटवाघळांना येतो, आपल्याला नाही. तशा कंपनांनी थरथरणारी टायटॅनियमची किंवा नायोबियमची दांडी रसात बुडवतात. ती मागे सरली की रस ताणला जातो आणि बारीक बुडबुडे उमलतात. पुढे आली की ते दाबले जातात. पापणी लवेपर्यंत हे हजारो वेळा घडतं. काही बुडबुड्यांत हायड्रोजन शिरत जातो, ते फुगून वर येतात आणि वायू हवेत सुटतो. काही मात्र आतल्या आत मिटतात, आणि खरी करामत त्यांची.

या मिटण्याचा जोर माणसाला आधी नुकसानीतून कळला. इंग्रजांच्या आरमारी जहाजांचे पंखे पाण्यात फिरताना उठणाऱ्या अशाच बुडबुड्यांमुळे खड्डे पडून खराब होत. 1917 साली लॉर्ड रॅले यांनी गणितानं दाखवलं, की बुडबुडा मिटताना क्षणभर प्रचंड दाब उसळतो.

तोच दाब इथे कामी येतो. धातू थिजताना त्यात स्फटिकांच्या फांद्या फुटतात. मिटणारे बुडबुडे त्या मोडतात आणि मोडलेल्या तुकड्यांपासून नवे स्फटिक वाढतात. आपण संत्र्याच्या एका काडीचे डोळे जंबेरीच्या वेगवेगळ्या रोपांवर बांधतो आणि कितीतरी झाडं उभी होतात, तसंच हे. थोड्या जाड दाण्यांऐवजी असंख्य बारीक दाणे जमतात आणि धातू चिवट होतो.

"मंग सारेच असं काहून नाही करत?"

कारण तो रस दांडीलाही हळूहळू खातो, आणि कंपनांचा जोर तिच्यापासून फार लांब पोचत नाही. मोठ्या भट्टीतला सगळा रस त्या जोराखाली आणणं अवघड आहे. नागपूरच्या अमरावती रोडवर, वाडीला, 1989 साली स्थापन झालेली जवाहरलाल नेहरूंच्या नावाची अॅल्युमिनियम संशोधन संस्था आहे. या विद्येचं दार आपल्यापासून लांब नाही. जुनं जर्मन भंगारात जातं, पुन्हा वितळतं, आणि दर वेळी हाच हायड्रोजन आडवा येतो. म्हणून ध्वनीचा धडा मन लावून शिका. ही गाठ तुमच्यातल्याच कोणाच्या हातून सुटावी, असं मला फार वाटतं.