जुनी मराठा पलटण, बंगळूरचा पत्ता

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं घर बेळगाव, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण याच रेजिमेंटची एक जुनी पलटण ते घर सोडून छत्रीधारी सैनिकांत गेली. त्या पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र बंगळूरच्या जे. सी. नगर भागात आहे. १९९२ साली ते आग्र्याहून इथे आलं. केंद्रावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. मी मात्र वाचता वाचता या एका पलटणीपाशीच थांबलो. शहाजीराजांची जहागीर असलेल्या शहरात तिचा धागा सापडावा, याचा मला आनंदही झाला.

पलटण अठराव्या शतकाच्या अखेरची, मुंबई सैन्यातली. पहिल्या महायुद्धात ती ११० वी मराठा म्हणून मेसोपोटेमियात लढली, कुतच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं आणि उपासमारीनं खंगलेले सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. कितीतरी जण परतलेच नाहीत. १९२२ च्या फेररचनेत तिला नवा नंबर मिळाला: पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन. १९४१ च्या मार्चमध्ये ती इरिट्रियात केरेनचे डोंगर चढली आणि पुढे इटलीत पोचली. तिथे १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याशिवाय सगळे ठार वा जखमी. घाडगे एकटे धावले. हातबॉम्बनं गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं लोळवलं. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला आणि जिंकलेल्या मोर्च्यावरच ते पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे हे वीर सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या पलटणीचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

महायुद्ध संपल्यावर ती छत्रीधारी झाली. १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून झांगरच्या लढाईत उतरली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा नाव झालं २ पॅरा, आणि पुढे कंसात मराठा.

आता त्या छत्रीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तिनंच खिळवून ठेवलं. लढाईतल्या सैनिकाला छत्री स्वतः उघडायची नसते. विमानात डोक्यावरून एक तार गेलेली असते. तिला आकडा अडकवायचा. आकड्यापासून पट्टा, म्हणजे स्टॅटिक लाइन, पाठीवरच्या पिशवीपर्यंत. माणूस बाहेर पडला की पट्टा ताणला जातो, पिशवी ओढली जाते, दोऱ्या आणि कापड बाहेर येतं. छत्रीच्या शेंड्याशी एक दोरा तुटण्यासाठीच बांधलेला असतो. तो आधी तुटला तर कापड पुरतं ताणलं जात नाही, आणि तुटलाच नाही तर माणूस विमानाला लटकतो. म्हणून छत्री घडी करणाऱ्याच्या बोटांवर प्रत्येक उडीचा जीव असतो. उडी शिकवणाऱ्या आग्र्याच्या शाळेत पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, पुऱ्या केल्यावर छातीवर पंख लागतात.

पण खरा घोर जमिनीवर असतो. ताशी दोनशे किलोमीटरनं जाणारं विमान सेकंदात पन्नासहून जास्त मीटर पुढे सरकतं. चाळीस जण दोन दारांतून सेकंदासेकंदाला निघाले, तरी खाली ती माणसं किलोमीटरभर पसरतात. हत्यारांचे पेटारे आणखी कुठेतरी. ज्या क्षणी पलटणीनं एकत्र असायला हवं, त्याच क्षणी ती सर्वांत विखुरलेली असते.

या पलटणीवर तो क्षण बांगलादेशच्या युद्धात आला. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी कलाईकुंडा आणि डमडमहून पॅकेट, डाकोटा, अँतोनोव विमानं उडाली आणि संध्याकाळच्या सुमाराला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलवर छत्र्या उतरल्या. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली २ पॅरा, सोबत पॅरा तोफखाना, इंजिनिअर, वैद्यकीय पथक. कॅप्टन पी. के. घोष आधीच आत शिरून कादेर सिद्दीकींच्या मुक्तिवाहिनीशी संधान बांधून होते. गावकऱ्यांनी शेतांतून पेटारे उचलून दिले. ती मदत नसती तर अंधाराआधी जमवाजमव झालीच नसती, असं मला ठामपणे वाटतं. लक्ष्य होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल. जमालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची ती वाट. पूल त्याच रात्री हाती आला. उत्तरेकडून आलेल्या फौजेनं पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण पूल सुटला नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत येऊन पुलावर त्यांना भेटली ती १ मराठा, जंगी पलटण. जुन्या घरातली थोरली बहीणच. १६ डिसेंबरच्या सकाळी मीरपूर पुलावरून ढाक्यात शिरणाऱ्यांत २ पॅरा पुढे होती. पन्नूंना महावीरचक्र मिळालं.

त्यानंतर भारतानं युद्धात पलटणभर माणसं छत्रीनं उतरवलेली नाहीत. २ पॅरा आता स्पेशल फोर्सेस आहे आणि कंसातला मराठा शब्द गेला. देशभरातली पोरं तिथे यावीत, हे योग्यच आहे. काळजी दुसरीच आहे. असा सैनिक घडायला वर्षं लागतात. उडी, पाणी, स्फोटकं, परकी भाषा, सगळं एकावर एक चढत जातं. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत मात्र सेवा चार वर्षांची आणि पुढे ठेवायचे जास्तीत जास्त शंभरातले २५. बाकीचे पुरते तयार होता होताच घरी जाणार का? जुन्या हवालदारांकडून नव्यांकडे जाणारं शहाणपण कोण पोचवणार?

आणि टांगाइलची माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, काही पुढे. रायगड, सातारा, कोल्हापुरातल्या घरांत ती असतील. अधिकाऱ्यांच्या आठवणी इंग्रजीत छापल्या गेल्या. जवानांच्या मराठी आठवणी बहुतेक बोलण्यातच राहिल्या आहेत. जिल्हा सैनिक कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात, ध्वनिमुद्रणाचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. पेटारा कुठल्या शेतात पडला होता, पुलापर्यंत सोबत कोण होतं, रात्री पहिला हल्ला आला तेव्हा गोळ्या किती उरल्या होत्या, हे त्यांना विचारायला महाविद्यालयातली मुलं याच वर्षी गेली पाहिजेत.