पाणी समितीच्या रजिस्टरात आपली वाडी कुठे आहे?

महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की आपल्याला 20 मार्च 1927 हा दिवस आठवतो. तो आठवायलाच हवा. पण ही लढाई जशी तळ्याच्या काठावर झाली, तशीच ती एका नगरपालिकेच्या ठराव-बुकातही झाली, हे आपण फारसे सांगत नाही. ठराव-बुकातला तो इतिहास आजच्या कार्यकर्त्याला जास्त उपयोगी आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्यानुसार 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा समतावादी माणूस पालिकेत होता म्हणून हे घडले. पण पुढे काय झाले? तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला पहिल्यांदा अर्थ आला. मग सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच पालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख पाहा! बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी.

त्यानंतर तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात गेला. डिसेंबर 1927 मध्ये तात्पुरता मनाईहुकूम आला. शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, असे म्हटले. पालिकेच्या पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत 13 वर्षे गेली. ज्यांच्या हातात ठराव-बुक असते ते हक्क देऊ शकतात आणि काढूनही घेऊ शकतात, हा महाडचा धडा आहे.

आता याच कोकणात दक्षिणेला या. वाघोटण खाडीच्या मुखावर विजयदुर्ग आहे. किल्ला पाहायला माणसे दुरून येतात, आंग्रे यांच्या आरमाराचा इतिहास ऐकतात आणि परत जातात. गावाचा रोजचा कारभार मात्र ग्रामपंचायतीतून चालतो. तालुक्याच्या ठिकाणी देवगड-जामसंडे नगरपंचायत आहे, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीला नगरपरिषदा आहेत. नगरपरिषदेत 1965 च्या कायद्याप्रमाणे पाणीपुरवठा व जलनिःसारण, सार्वजनिक बांधकाम, स्वच्छता व आरोग्य अशा विषय समित्या असतात. त्यांवर सदस्य घेताना पक्षीय बलाबल पाहिले जाते. गावात ते काम ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 49 खाली होणाऱ्या समित्या करतात. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. नळ, गटार, दिवाबत्ती, कचरा या गोष्टी आमदार-खासदारांच्या भाषणात ऐकायला मिळतात, पण त्यांचा फैसला या समितीच्या बैठकीत होतो. आणि त्या बैठकीला आपला माणूस बहुधा नसतो.

सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये घागरी घेऊन फिरावे लागते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, नद्या आखूड आणि उताराच्या, खाडीकाठच्या विहिरींना खारेपणा. म्हणून नळयोजनेवर गावाचा जीव असतो. उद्भव विहिरीतून पाणी पंपाने टाकीत चढते आणि टाकीतून उताराने वाड्यांकडे जाते. वाटेत व्हॉल्व्ह असतात. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा, पाइप कुठवर न्यायचा, टाकी कोणाच्या जागेत बांधायची, वीजबिल थकले तर आधी कोणाचे पाणी तोडायचे, हे तांत्रिक प्रश्न वाटतात. ते पूर्णपणे सामाजिक प्रश्न आहेत. कोकणात बौद्धवाडी गावाच्या टोकाला का वसली, हे सांगायला इतिहासकार नको. पूर्वजांना जातीने गावकुसाबाहेर ठेवले आणि आज पाइप म्हणतो, "मी टोकापर्यंत पोहोचत नाही." दाब कमी पडतो, असे उत्तर मिळते. दाब कमी पडणारी वाडी कोणती असेल, हे आराखडा काढतानाच ठरलेले असते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटी बदलली म्हणून नळाचा दाब वाढत नाही.

15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. 2024 ची मुदत टळली आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवली गेली. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. पाणी समिती 10 ते 15 सदस्यांची असावी, त्यात निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांना, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींना, लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. आता विचारा, तुमच्या गावच्या समितीत तुमच्या वाडीचे कोण आहे? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते, "आहे की, नाव घातलंय." नाव घातले जाते, बैठकीची नोटीस मात्र घरी येत नाही, आणि सही नंतर घरपोच घेतली जाते. ही हजेरी आहे, प्रतिनिधित्व नव्हे.

आपली चळवळ विहार बांधते, जयंती काढते, मुंबईची वाडी मंडळे दर महिन्याला वर्गणी जमवतात. त्याबद्दल अभिमान आहेच. पण त्याच मंडळाच्या एका बैठकीत ग्राम कृती आराखड्याची प्रत वाचली गेली तर? आराखड्यात प्रत्येक वाडीला किती मीटर पाइप धरला आहे, हे पाहायला इंजिनीअर लागत नाही. दहावी झालेली आपली मुलगी ते वाचू शकते. प्रत दिली नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क आणि तीस दिवस. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. तो खर्च कशावर झाला, हाही प्रश्न त्याच अर्जात विचारावा.

1 मेची ग्रामसभा सोडू नका. त्या दिवशी विहिरी तळाला गेलेल्या असतात, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे कोणी सहज म्हणू शकत नाही. चाकरमानी भावांनी एक लक्षात ठेवावे, मत गावच्या मतदारयादीत असणाऱ्याचेच धरले जाते. म्हणून गावात राहणाऱ्या आपल्या बहिणींना पुढे करा. पाणी त्या भरतात, किती अंतरावरून आणि किती वेळा भरतात हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी ग्रामसभेत उभे राहून सांगावे आणि सांगितलेले इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नये. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. आपली मागणी, ती नाकारली तर नाकारण्याचे कारण, हे शब्दांत उतरले पाहिजे.

संविधानाच्या कलम 15 ने विहिरी, तळी, रस्ते यांवरचा मज्जाव संपवला. आज आपल्याला पाणवठ्यावर कोणी उघड अडवणार नाही. आता आराखड्यात वाडी विसरली जाते, ठरावात 'पुढील टप्प्यात' असे लिहिले जाते, आणि पुढचा टप्पा येत नाही. चवदार तळ्याला खुले करणारा आणि नंतर बंद करणारा हात एकाच पालिकेचा होता. त्या हातातले रजिस्टर कोणीतरी रोज वाचत राहिले पाहिजे. बाबासाहेबांनी 13 वर्षे वाचले. आपण निदान वर्षातून चार ग्रामसभांना तरी वाचूया.