'आमच्याकडे सोय नाही' म्हणत शाळा दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारू शकते का?

पहिलीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की दिव्यांग मुलांच्या अनेक पालकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "आमच्याकडे सोय नाही, तुम्ही विशेष शाळेत बघा." पण शाळेला असं म्हणता येतं का?

थोडक्यात उत्तर : नाही.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायला हवा. म्हणजे मान्यताप्राप्त खासगी शाळाही यात आल्या. ६ ते १८ वयोगटातल्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, हा निर्णय शाळेचा नाही.

या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. 'तारे जमीं पर'मधल्या ईशानची अध्ययन अक्षमता २००७ मध्ये घराघरांत पोहोचली, पण कायद्याच्या यादीत ती आली २०१६ मध्ये.

एकात्मिक आणि समावेशित शिक्षणात फरक काय?

१९७४ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना आणली. मुलं नेहमीच्या शाळेत आली, पण जुळवून घ्यायचं ते मुलांनीच. समावेशित शिक्षणात उलट अपेक्षा आहे : बदल शाळेने करायचा.

हे बदल दरवेळी खर्चिक नसतात :

- चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर भरवणं
- कमी दिसणाऱ्या मुलीला पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरांतला मजकूर देणं
- ऐकू कमी येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलणं, फळ्याकडे नाही
- लिहिताना अडणाऱ्या मुलाची तोंडी परीक्षा घेणं

याचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. मणी मोजत शिकवलेली बेरीज फक्त एकाच मुलाला सोपी जात नाही.

मग अडतं कुठे?

शिक्षकांवर. साध्या वर्गशिक्षकाला ब्रेल किंवा खाणाखुणांची भाषा येईलच असं नाही. त्यासाठी विशेष शिक्षक लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. महाराष्ट्रात मात्र विशेष शिक्षकाचं पद केंद्र पातळीवर आहे आणि एका केंद्रात अनेक शाळा येतात. त्यामुळे तो शिक्षक एका वर्गाच्या वाट्याला रोज येत नाही. नाव हजेरीपटावर आणि मूल मात्र मागे, हे चित्र त्यातूनच तयार होतं.

पालकांनी काय करावं?

- शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा.
- गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. पुढे पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते.
- दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा.
- आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठीही अर्ज करता येतो. दिव्यांग मुलं वंचित गटात येतात.

प्रवेश मिळाल्यावर एक प्रश्न शाळेला नक्की विचारा : माझ्या मुलासाठी वर्गात काय बदलणार आहात? शिकणं यशस्वी होणार की नाही, ते या उत्तरावर ठरतं.