अंबाजोगाई की परदेश? एमबीबीएसवाल्यांनो, जरा थांबा!

आपल्या बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी फी, आपली भाषा बोलणारे पेशंट, वॉर्डात हाताला भरपूर काम. नंबर लागला तर डोळे झाकून घ्या!

थोडक्यात हुकला म्हणून परदेशी निघालात? आधी हे तपासा 👇

✅ नीट पात्रता हवीच.
✅ कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा.
✅ 12 महिने इंटर्नशिप त्याच संस्थेत; परतल्यावर भारतातही.
✅ इथे प्रॅक्टिससाठी एफएमजीई परीक्षा: 300 पैकी किमान 150 गुण.

बरेच एजंट फी सांगतात, परतल्यावरची परीक्षा सांगत नाहीत. रान विकण्याआधी वहीत पूर्ण हिशोब मांडा. परदेश वाईट नाही; अर्धवट माहिती महागात पडते.