चिमणीत साचलेलं तेल

वडे तळताना कढईतलं तेल साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअसवर असतं. रिफाइंड तेलं बहुधा २३० अंशांच्या आसपास धुरायला लागतात आणि ३६० अंशांच्या पुढेमागे, ठिणगीही न लागता, आपोआप पेट घेतात. तळण आणि आग यांच्यात अंतर आहे ते जेमतेम पावणेदोनशे अंशांचं. मोठा बर्नर चालू ठेवून आचारी मालाची गाडी उतरवून घ्यायला मागच्या दाराशी गेला, तर ते कापायला फार वेळ लागत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की अंतर आणखी घटतं, कारण तेलाचे रेणू तुटून सुटलेली मेदाम्लं आधी वाफ होतात आणि आधी पेटतात. अशा तुटण्यातून वापरलेल्या तेलात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर भारतात १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती आणली खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी, पण काळं पडलेलं तेल वेळेवर बदलणारा मालक आगीपासूनही थोडा दूर सरकतो.

एकदा पेटलेलं तेल मात्र हट्टी असतं. पाणी ओतलं तर ते जड असल्यानं तळाशी जातं आणि तिथेच त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ! ती वर येताना जळतं तेल थेंबाथेंबांनी छतापर्यंत उडवते. कार्बन डायऑक्साइडचा झोत ज्वाळा दाबतो खरा, पण तेल थंड करत नाही. वायू विरला की कढई पुन्हा भडकते, आणि झोत जोराचा असेल तर तेल बाहेर सांडतं ते वेगळंच. आपल्याकडे भिंतीवर सर्रास दिसतो तो एबीसी पावडरचा लाल सिलिंडर. कागद, लाकूड, पेट्रोल, विजेचं सामान यांच्यासाठी तो चांगला. खोल कढईतल्या तेलासाठी नव्हे, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे.

साबण तयार होतो तो तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून. भटारखान्यातल्या आगीसाठी जे ‘वेट केमिकल’ वापरतात, त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं अल्कधर्मी द्रावण असतं. ते तापलेल्या तेलावर हलक्या फवाऱ्यानं पडलं की पृष्ठभागावर तिथल्या तिथे साबण बनतो. त्याचा फेस तेलाची वाफ कोंडतो, हवा तोडतो, आणि द्रावणातलं पाणी उष्णता ओढून घेत तेल पेट घेण्याच्या तापमानाखाली आणतं. एबीसी पावडरमधलं अमोनियम फॉस्फेट आम्लधर्मी. त्यानं साबण होत नाही, उलट झालेला फेस मोडतो. म्हणून दोन्ही उपकरणं एकाच कढईवर चालवणं म्हणजे एकानं केलेलं काम दुसऱ्यानं बिघडवणं.

हे ज्ञान अमेरिकेत अनुभवातून पक्कं झालं. तिथे आधी चिमणीखाली कोरड्या पावडरच्या यंत्रणा होत्या. प्राण्यांच्या चरबीची जागा वनस्पती तेलानं घेतली, तळणयंत्रं उष्णता अधिक धरून ठेवू लागली आणि विझलेलं तेल पुन्हा पेटू लागलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘यूएल ३००’ ही कसोटी लागू झाली आणि ओल्या रसायनाचं राज्य सुरू झालं. युरोपात या आगीचा वर्ग ‘एफ’, अमेरिकेत ‘के’. आपल्या हॉटेलमालकानं सिलिंडरवर यांपैकी एक अक्षर शोधलं तरी पुष्कळ झालं.

आता तपासणीकडे येऊ. कार्यालयातला अग्निशामक वर्षभर स्वच्छ हवेत टांगलेला असतो. भटारखान्यातल्या हवेत तेलाचा सूक्ष्म तुषार असतो आणि जे उपकरण आग विझवायचं, त्याच्यावरच तो रोज बसतो. त्यामुळे इथल्या तपासणीचा पहिला प्रश्न दाबाचा काटा हिरव्यात आहे का, हा नसावा. चिकट थर कुठे कुठे पोचलाय, हा असावा.

चिमणीखालच्या स्वयंचलित यंत्रणेचं ट्रिगर असतं ‘फ्युजिबल लिंक’. धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारा, ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू. तो वितळला की ताणलेली तार सुटते, रसायनाचा सिलिंडर उघडतो आणि गॅसची झडप बंद होते. कुठे ७४ अंशांची लिंक लागते, कुठे १८२ची, कुठे २३२ची. भट्टीच्या डोक्यावर कमी अंशाची बसवली तर ऐन गर्दीत, आग नसताना, सगळ्या जेवणावर फेस. आणि योग्य लिंकवर तेलाचा जाड लेप चढला तर उष्णता आत पोचायला उशीर. शिवाय कायम ताणाखाली आणि उष्णतेत राहून मिश्रधातू थकतो. अमेरिकी मानकानुसार म्हणूनच या लिंक पुसून पुन्हा लावत नाहीत. दर सहा महिन्यांनी नव्या बसवतात आणि जुन्या फेकतात.

रसायन फवारणाऱ्या तोट्यांना छोटी टोपणं असतात. झोत आला की ती उडून पडतात, एरवी तेल आत शिरू देत नाहीत. साफसफाईत एखादं टोपण हरवतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि काही महिन्यांत त्या तोटीत चिकटा घट्ट बसतो. चांगला तंत्रज्ञ नळ्यांतून हवा सोडून पाहतो. काही जण प्रत्येक तोटीला फुगा बांधतात. जो फुगला नाही तिथे घाण.

एक दोष मात्र कुठल्याही काट्यावर दिसत नाही. यंत्रणा बसवली तेव्हा तोटी बरोबर तळणाच्या कढईवर रोखलेली होती. मग मेन्यूत चायनीज आलं, नवी भट्टी आत घ्यायची म्हणून कढई दोन फूट सरकली. उपकरण निर्दोष, प्रमाणपत्र ताजं, आणि फवारा पडणार मोकळ्या ओट्यावर. तपासणाऱ्यानं रसायनाइतकाच चुलींचा नकाशा बघायला हवा.

चिमणीतल्या बॅफल फिल्टरचं काम साधं आहे. बस वळली की उभा प्रवासी बाजूला फेकला जातो, तसे वळणावर हवेतले तेलाचे थेंब पत्र्यावर आपटतात आणि ओघळून खालच्या पन्हाळीत जमतात. पण सगळेच थेंब अडकत नाहीत. उरलेले डक्टमध्ये जातात, थंड पत्र्यावर थिजतात आणि थरावर थर चढतो. कढईतली ज्वाळा एकदा त्या थराला लागली की इमारतीच्या उंचीभर पेटती नळी तयार होते, आणि एक्झॉस्ट पंखा तिला वारा घालतो. अमेरिकेच्या ‘एनएफपीए ९६’ मानकात म्हणूनच डक्टची तपासणी स्वयंपाकाच्या प्रकारावरून आणि प्रमाणावरून ठरते: कोळशाची किंवा लाकडाची भट्टी असेल तर दर महिन्याला, दिवसरात्र चालणाऱ्या किंवा वोकच्या किचनला तीन महिन्यांनी, मध्यम कामाला सहा महिन्यांनी. कोळशाचा तंदूर असलेल्या आपल्या हॉटेलांना पहिली ओळ लागू पडते.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून उपकरणं सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाला द्यायचं असतं. ही तरतूद चांगली आहे. पण सहा महिने हा काळ इमारतीच्या हिशेबानं ठरलाय. दिवसाला शेकड्यांनी वडे तळणाऱ्या कढईच्या हिशेबानं नाही. १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागून १२ कामगार गेले. पुढच्या अकरा दिवसांत कमला मिलची आग झाली, तिथे १४ जण गेले आणि सगळी चर्चा गच्चीवरच्या पबांकडे वळली. फरसाणच्या भट्ट्या पुन्हा गल्लीत विसरल्या गेल्या, असं मला वाटतं.

गॅस गळतीचा इशारा देणाऱ्या डिटेक्टरबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून डिटेक्टर खाली लागतो. पाइपनं येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो छताकडे जातो. मुंबई-पुण्यातली हॉटेलं सिलिंडरवरून पाइपवर गेली, तेव्हा बर्नर बदलले. डिटेक्टर खालीच राहिला असेल तर त्याचा दिवा हिरवा राहील आणि गॅस त्याच्या डोक्यावरून जाईल.

शेवटी उरतो चिमणीखालची यंत्रणा सुरू करायला हातानं ओढायचा दांडा. तो बाहेर पडायच्या वाटेवर असतो आणि नेमक्या तिथेच मैद्याची पोती रचलेली असतात. ती हलवून प्रत्येक पाळीतल्या माणसाला क्रम सांगावा लागतो: आधी दांडा, मग गरज पडली तरच हातातला वेट केमिकल सिलिंडर. एक्झॉस्ट पंखा, यंत्रणेच्या उत्पादकानं वेगळं सांगितलं नसेल तर, चालूच ठेवायचा. आत ताजी हवा ढकलणारा मात्र बंद. गॅसची झडप आपली आपण उघडत नाही, ती हातानं उघडावी लागते. आणि ते काम रिकामा झालेला सिलिंडर भरून, नव्या लिंक बसवून झाल्यावरचं. तोवर भट्टी बंद. रात्रीची ऑर्डर असली तरी.