सजीव इतिहास-दर्शन

सजीव इतिहास-दर्शन : ऐतिहासिक स्थळी, अथवा तशा स्थळाची प्रतिकृती उभारून, गतकालातील दैनंदिन जीवन प्रत्यक्ष कृतींच्या द्वारे प्रेक्षकांपुढे मांडण्याची पद्धती. तीत तत्कालीन वेशभूषा, अवजारे, खाद्यपदार्थ, पाळीव जनावरे, संगीत, संभाषण इत्यादींचा उपयोग करण्यात येतो. संग्रहालयाच्या कपाटातील वस्तू स्थिर असते. येथे तीच वस्तू वापरात दाखविली जाते. चरखा फिरतो, लोहाराचा भाता चालतो, चुलीवर अन्न शिजते. परिणामतः लहान मूल व अभ्यासू प्रौढ या दोघांनाही एकाच दृश्यातून आपापल्या परीने बोध होतो. सहकुटुंब येणारा प्रेक्षकवर्ग हे या पद्धतीचे एक वैशिष्ट्य होय.

उगम : या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः स्वीडिश अभ्यासक आर्तुर हासेल्यूस (१८३३–१९०१) यांच्याकडे जाते. औद्योगिकीकरणामुळे स्वीडनमधील ग्रामीण जीवन झपाट्याने लोप पावत आहे, हे ध्यानी घेऊन त्यांनी स्टॉकहोममध्ये १८९१ साली ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय स्थापन केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे मूळ जागेवरून हलवून तेथे पुन्हा उभारण्यात आली आणि वेशधारी मार्गदर्शक, कारागीर, वादक व नर्तक यांनी ती जागती केली. मध्यग्रीष्माचा उत्सव आणि नाताळचा बाजार हे तेथील कार्यक्रम आजही कुटुंबांचे विशेष आकर्षण आहेत.

विल्यम्सबर्ग : या पद्धतीचे सर्वांत विस्तृत व सर्वांत वादग्रस्त उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आढळते. विल्यम्सबर्ग ही १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनिया वसाहतीची (पुढे राज्याची) राजधानी होती. राजधानी रिचमंडला हलल्यानंतर ते एक लहान, दुर्लक्षित गाव बनले. तेथील ब्रूटन चर्चचे धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांच्या आग्रहावरून उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९२६ मध्ये जीर्णोद्धारास अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले. अठराव्या शतकातील ८८ मूळ इमारतींची दुरुस्ती झाली, नंतरच्या काळातील शेकडो इमारती पाडण्यात आल्या आणि कॅपिटॉल, गव्हर्नरचा प्रासाद यांसारख्या नष्ट वास्तू त्यांच्या मूळ पायांवर पुन्हा बांधण्यात आल्या. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १९२९ मध्ये सापडलेल्या एका ताम्रपटावर या इमारतींची चित्रे कोरलेली होती. पुनर्रचनेस त्यांचा मोठा आधार मिळाला.

येथील कारागीर केवळ अभिनय करीत नाहीत. लोहार, पिंपकार, चाके करणारे सुतार, चर्मकार, मुद्रक, केसांचे टोप करणारे इत्यादी अनेक वर्षांची उमेदवारी करून आपला व्यवसाय आत्मसात करतात आणि जुन्याच हत्यारांनी प्रत्यक्ष उपयोगाच्या वस्तू बनवितात. उन्हाळ्यात विटांच्या आवारात मुले पादत्राणे काढून चिखल तुडवितात. त्या विटा पुढे भट्टीत भाजून बांधकामात वापरल्या जातात. येथे मुलाचा खेळ व कारागिराचे काम यांत भेद उरत नाही, हेच अशा उपक्रमाच्या यशाचे मर्म आहे.

मांडणीचे प्रकार : निवेदनाच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात निवेदक त्या काळातील व्यक्ती बनून ‘मी’ या भूमिकेतून बोलतो व नंतरच्या काळातील कोणतीही गोष्ट आपणास ठाऊक नसल्याप्रमाणे वागतो. दुसऱ्यात तो जुना वेश धारण करूनही आजच्या भाषेत, तटस्थपणे माहिती देतो. मॅसॅचूसेट्स राज्यातील प्लिमथ येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. इंग्रज वसाहतकऱ्यांच्या खेड्यातील निवेदक सतराव्या शतकातील माणसे बनून बोलतात. परंतु मूलनिवासी वस्तीतील निवेदक कोणतीही भूमिका न करता आपल्या समाजाविषयी स्वतःच्या नावाने बोलतात. आपला समाज इतिहासजमा झालेला नाही, हे त्यातून सूचित होते. मूलनिवासींच्या स्थळनामास स्थान देऊन या संस्थेने २०२० मध्ये ‘प्लिमथ पटक्सेट’ असे नाव स्वीकारले.

सत्याचा प्रश्न : रंजन व सत्य यांचा मेळ घालणे ही या पद्धतीपुढील मूलभूत अडचण होय. स्वच्छ रस्ते, नीटनेटक्या बागा व हसतमुख कारागीर यांमुळे भूतकाळ होता त्याहून सुखाचा भासतो. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते व त्यांतील बहुतेक गुलाम होते. तथापि कित्येक दशके पाहुण्यांना त्यांची फारशी गाठ पडत नसे. १९७९ पासून कृष्णवर्णीय निवेदकांनी गुलामांच्या जीवनाचे दर्शन घडविण्यास प्रारंभ केला. १० ऑक्टोबर १९९४ रोजी क्रिस्टी कोलमन यांच्या पुढाकाराने गुलामांच्या लिलावाचा प्रयोग करण्यात आला. पूर्वजांच्या यातनांचा तमाशा मांडला जात आहे, असा आक्षेप नागरी हक्क चळवळीतील काहींनी घेतला व जागेवर निदर्शने झाली. प्रयोग मात्र गांभीर्याने पार पडला आणि विरोधकांपैकी काहींचे मतही त्यानंतर पालटले. तरीसुद्धा कोणते दुःख अभिनित करावे, ते कोणी करावे आणि मुलांदेखत किती दाखवावे, हे प्रश्न अनुत्तरितच राहिले आहेत.

संशोधनाने अशा स्थळाचे चित्र बदलत राहते. विल्यम्सबर्गमधील कृष्णवर्णीयांच्या जुन्या बाप्टिस्ट चर्चच्या जागेवर विसाव्या शतकात वाहनतळ झाला होता. २०२० पासून तेथे उत्खनन करण्यात आले व दफनेही उजेडात आली. १७६० मध्ये सुरू झालेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या ब्रे शाळेची इमारत ओळखण्यात येऊन ती २०२३ मध्ये ऐतिहासिक विभागात हलविण्यात आली.

भारत : चेन्नईजवळील ‘दक्षिणचित्र’ (१९९६) येथे दक्षिणेकडील राज्यांतील पारंपरिक घरे पुन्हा उभारली असून तेथे कारागिरांची प्रात्यक्षिके होतात. महाराष्ट्रात रायगडावरील शिवराज्याभिषेक सोहळ्यात दांडपट्टा, लाठी इ. मर्दानी खेळ सादर होतात, तर दिवाळीत मुले घरोघरी मातीचे किल्ले रचतात. या परंपरांत स्मरणाचा व अभिमानाचा भाग मोठा आहे. गडावरील पाणक्या, लोहार, पाथरवट, धान्य दळणाऱ्या स्त्रिया यांचे रोजचे जीवन मात्र त्यांत क्वचितच दिसते. पाण्याची टाकी, धान्याची कोठारे व दारूची कोठारे अनेक किल्ल्यांवर अद्याप अवशिष्ट आहेत. सजीव इतिहास-दर्शनास ती अनुकूल असली, तरी अशा कार्यक्रमामुळे मूळ वास्तूस धक्का पोहोचू नये आणि पुराव्याने सिद्ध झालेले व कल्पनेने भरून काढलेले यांतील भेद प्रेक्षकास स्पष्ट कळावा, ही दोन पथ्ये पाळणे आवश्यक ठरते.