तोंड येते का?

डोळा लाल झाला म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या तरुणाला डॉक्टर विचारतात, "तुझे तोंड वारंवार येते का?" तो गोंधळतो. डोळ्याचा तोंडाशी काय संबंध?

संबंध आहे. तोंडातले व गुप्तांगावरचे पुन्हा पुन्हा होणारे व्रण आणि डोळ्याच्या आतील दाह ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, असे इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली मांडले. (ग्रीक नेत्रतज्ज्ञ आदामान्तियादिस यांनी १९३१ सालीच असा रुग्ण नोंदवला होता, पण नाव राहिले बेहचेत यांचे!) जुन्या रेशीम मार्गावरच्या देशांत, तुर्कस्तानपासून जपानपर्यंत, हा रोग अधिक आढळतो. भारतातही त्याचे रुग्ण आहेत. तो बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही.

आपले नेहमीचे 'डोळे येणे' वेगळे. त्यात डोळे चिकटतात, पण काही दिवसांत बरे होतात. इथे दाह डोळ्याच्या आत असतो. डोळा दुखतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते. तांदळाचे धुवण निवळले की तळाशी साका बसतो ना, तसा पांढऱ्या पेशींचा थर कधी कधी बुबुळासमोरच्या द्रवात तळाशी बसलेला दिसतो.

मूळ बिघाड असतो रक्तवाहिन्यांत. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांच्याच भिंतींवर उलटते. भिंत सुजली, की तिथे रक्ताची गुठळी धरू शकते. दृष्टिपटलात असे झाले तर दृष्टी जाते. मेंदूत झाले तर विशीतल्या मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाच्या पक्षाघातात बहुधा मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी तुंबते. बेहचेतच्या रोगात पुष्कळदा मेंदूतून रक्त परत आणणारी नीला तुंबते. मग कवटीतला दाब वाढतो, डोके सतत दुखते, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात.

हा वाढलेला दाबही डोळ्यातच दिसतो. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक जगापुढे मांडला, तेव्हापासून डॉक्टरांना बाहुलीतून दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या पाहता येतात. शरीर न कापता रक्तवाहिन्या इतक्या स्पष्ट दिसाव्यात अशी दुसरी जागा नाही. दृष्टिपटल गर्भावस्थेत मेंदूतूनच फुटलेले असते. कवटीतला दाब वाढला, की दृष्टिचेतेचे टोक सुजलेले दिसते.

दाह आवरणारी औषधे आज आहेत. ती वेळेवर मिळाली तर पुष्कळांची दृष्टी वाचते. म्हणून डॉक्टर आधी तोंडाची चौकशी करतात, आणि मग विचारतात, "डोके दुखते का?"